नाना बोलायला शिकले, काकाला ऐकवायला

माझ्या काकावर सूड उगवायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागलं, आणि त्यातले पुष्कळसे महिने ढेकर देण्यात गेले. हे वाचून कुणाला हसू आलं तर हसावं. आम्हीही हसलो होतो, पण ते नंतर. आधी जे होतं ते हसण्यासारखं नव्हतं.

नाना म्हणजे माझे वडील. कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशांपुढे खटल्याचे कागद मांडायचे, वाचून दाखवायचे, असं ते काम. सगळा जन्म त्यांनी मोठ्याने वाचण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावरही घरात तोच आवाज लावून ठेवला. हैदराबादेत, काचीगुड्याला, आमच्या गॅलरीत उभे राहून ते रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्याशी कोथिंबिरीची घासाघीस करत, आणि खालून जाणाऱ्या बसचा हॉर्न त्यांना आडवा येत नसे. काका त्यांचा धाकटा भाऊ. नारायणगुड्याला त्याचा दवाखाना होता, हात चांगला होता, पेशंट पुष्कळ होते. पण आमच्या घरी आला की तो डॉक्टर राहत नसे. नाना त्याला चारचौघांत टोकत. त्याचा शब्द चुकला, तारीख चुकली, जेवताना पानातलं काही उरलं, तरी टोकत. काका मान खाली घालून हसायचा. त्या हसण्यात काय साठत गेलं होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं.

नानांना जर्द्याच्या पानाची सवय होती. घसा बसला, बसलेलाच राहिला, आणि तपासण्या होऊन कॅन्सर निघाला. काकानेच धावपळ केली. त्या दिवसांत शहरात काचेच्या दारांची, गार हवेची नवी खासगी हॉस्पिटलं निघत होती. त्यातल्या एकात त्याने ओळख काढली, चांगला सर्जन गाठला, वेळेवर ऑपरेशन करवलं. तेवढं श्रेय मी त्याला देते आणि तिथेच थांबते.

ऑपरेशनमध्ये नानांची स्वरपेटी काढून टाकली. गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवलं. श्वास तिथून. नाक आणि तोंड आता नुसतं दिसायला आणि जेवायला. घरी आणल्यावर आईने काकाला विचारलं, "भावजी, पुढे काय करायचं?" काका म्हणाला, "वहिनी, जीव वाचला ना? आवाजाची फिकर सोडा. आता घरात शांतता राहील." आई त्या 'शांतते'वर थोडी हसलीसुद्धा, कारण तिला वाटलं तो तिला धीर देतोय.

ती शांतता कशी होती ते सांगते. नानांनी टेलिफोनसाठी अर्ज करून किती वर्षं झाली होती ते तेही विसरले होते. आता पटापट लाइनी मिळू लागल्या, तसा आमचाही फोन नेमका त्याच महिन्यात आला. लाल रंगाचा, दिवाणखान्यात, आईने विणलेल्या रुमालावर. मी आबिड्सला एका विमा कचेरीत कामाला होते. दुपारी घरी फोन केला आणि आई खाली गेलेली असली, तर नाना उचलत आणि रिसीव्हरवर नखाने टकटक करत. म्हणजे मी आहे. मी बोलत राहायची, "नाना, जेवलात का? औषध घेतलं का?" आणि पलीकडून टकटक. शेजारच्या टेबलावरच्या मुली टाइप करायच्या थांबत. मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडून येत असे.

आम्ही पाटी आणली. तिथे वेगळीच पंचाईत झाली. नानांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. नोकरीही बरीचशी उर्दूतच. मराठी ते सरसर वाचत, पण लिहायला लागले की एकेक अक्षर काढत. घाईत हात आपोआप उजवीकडून डावीकडे पळायचा. आईला आणि मला उर्दू वाचता येत नव्हतं. घरात ते काकाला येत होतं.

म्हणून काका रोज संध्याकाळी दवाखाना उघडण्याआधी यायचा. चहा घ्यायचा, गळ्याचं भोक बघायचा, पाटी हातात घ्यायचा आणि नाना काय म्हणतात ते आम्हाला सांगायचा. नानांनी पाटी भरून लिहिलेलं असे आणि काका एका वाक्यात म्हणे, "म्हणतात, थकवा आहे, पडतो जरा." नाना जोरजोराने मान हलवत. काका म्हणे, "चिडचिड होते या आजारात. मनावर घ्यायचं नाही." एकदा मराठी मंडळाच्या वाचनालयातून दोघे जण आले होते. नाना तिथले जुने कार्यवाह. काकाने पाटी वाचून सांगितलं, "नाना म्हणतात, आता माझ्याच्याने होत नाही, दुसरा माणूस बघा." नानांनी पाटी हिसकावली, ओल्या फडक्याने पुसली आणि मराठीत, वेडीवाकडी, मोठाली अक्षरं काढायला घेतली. 'ना' काढला, 'ही' काढली. तोवर ते दोघे चपला घालत होते. काका हसून म्हणाला, "बघा, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर झालंय." माणसं लिहून होईपर्यंत थांबत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं. चांगली माणसंसुद्धा थांबत नाहीत.

त्यानंतर नानांनी बाहेर जाणं सोडलं. गळ्याच्या भोकात खपल्या धरायच्या, खोकला आला की रक्ताचा ठिपका उडायचा, समोरचा माणूस मागे सरकायचा. उन्हाळ्यात तर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येई. काका म्हणे, "हे असंच चालणार." आम्ही धरून चाललो की हे असंच चालणार. घरातला डॉक्टर सांगतो म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला कोण विचारतं?

मग एकदा काका लग्नाला नांदेडला गेला, आणि नेमकी त्याच आठवड्यात सर्जनकडची तपासणी होती. एरवी तोच नानांना आत घेऊन जायचा, आम्ही बाहेर बाकावर. त्या दिवशी मी आणि आई नानांबरोबर आत गेलो. सर्जन आंध्राकडचे, हैदराबादेत मुरलेले. त्यांनी गळा पाहिला, मान डोलावली, आणि नानांनाच विचारलं, "अब बोलो साब. बोलना कब सीखते?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाब, वो कैसे बोलेंगे?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, मैं पहिलीच बार फोन पे इनके भाईकू बोला था ना, इनकू बोलना सिखाने भेजो? जखम भरते ही जाना था. इनके भाई बोले, पेशंटकू मर्जी नै है. बादमें भी दो-तीन बार फोन पेच पूछा मैं. हर बार वहीच बोले."

आईने माझा दंड धरला. सर्जन समजावत होते, की अन्ननलिकेत हवा घ्यायची, ती ढेकरासारखी वर आणायची आणि त्या आवाजाचे ओठांनी, जिभेने शब्द करायचे. पुष्कळांना जमतं. मेहनत लागते. माझ्या कानांत निम्मं शिरत होतं. मी नानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि गळ्याच्या भोकातून श्वास फुसफुसत होता. मर्जी नै है! ज्या माणसाने पाट्या भरभरून लिहिलं, त्याची मर्जी नाही.

रिक्षात बसल्याबसल्या मी म्हटलं, "स्टेशनवर जाते आणि गाडीतून उतरल्या उतरल्या त्याला धरते." आई म्हणाली, "त्याच्या दवाखान्यात जाऊ. पेशंटांसमोर विचारू." आमची आई, जी दूधवाल्याशीसुद्धा मोठ्याने बोलत नसे! नानांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. पाटी मांडीवर घेतली. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती, तरी त्यांनी सावकाश, मराठीत, एकेक अक्षर काढलं. आम्ही दोघी पूर्ण होईपर्यंत थांबलो.

'मी बोलेन.'

बस्स, तिथे ठरलं. काकाला कुणी काही सांगायचं नाही. त्याचा चहा, त्याचं पाटीवाचन जसंच्या तसं चालू ठेवायचं. नाना शिकतील, आणि जे काय बोलायचं ते तेच त्याच्या तोंडावर बोलतील. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी मनापासून केल्या असतील, पण एवढ्या मनापासून कुठलीच केली नाही.

कोठीकडच्या सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी सकाळी हे शिकवत. मी कचेरीतून अर्धी रजा काढायची. शिकवणारी बाई तरुण, तेलुगू, आवाज कडक. पहिल्या दिवशी तिने बोलण्याचं नावच काढलं नाही. नानांचा गळा पाहून तिने कपाळाला हात लावला. "कपडा गीला नै रखते क्या?" मलमलचा ओलसर तुकडा भोकावर बांधायचा, खोलीत पाण्याचं भांडं ठेवायचं, वाफ द्यायची, आंघोळीला पाणी कसं अडवायचं, खोकला आला की हात तोंडावर न धरता गळ्यावर धरायचा. एवढंच. थोड्याच दिवसांत खपल्या धरायच्या थांबल्या, शिट्टी गेली, नाना रात्रभर झोपू लागले. इतकं साधं होतं ते. आईने मलमलचे तुकडे शिवायला घेतले आणि दर टाक्याला ती काकाच्या नावाने काहीतरी पुटपुटायची. काय ते मी विचारलं नाही.

मग ढेकर. हवा गिळायची आणि वर आणायची. नानांना ते काही केल्या जमेना. हवा खाली जाई ती जाईच. बाईंनी सोडा प्यायला सांगितला. दुकानांत तेव्हा परदेशी कोला नुकताच पुन्हा दिसायला लागला होता. जाहिरातींत तरुण पोरं तो पिऊन उड्या मारत. आमचे नाना धोतर नेसून, सकाळची पूजा आटोपून, स्टीलच्या फुलपात्रातून तो पीत आणि भिंतीकडे तोंड करून ढेकर देत. आधी लाज. मग जिद्द. पुढे पुढे असे ढेकर की शेजारच्या रेड्डीणबाई ओव्याची पुडी घेऊन आल्या. आईने पुडी घेतली, आभार मानले आणि दार लावून पदरात तोंड घालून हसली. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसत होतं.

संध्याकाळी काकासमोर सराव बंद असे, पण ढेकराला घड्याळ कुठलं? एकदा त्याच्यासमोरच एक मोठा आला. काकाने पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "गॅस झालाय." गुलाबी औषधाची बाटली पाठवून दिली. आई ती रोज चमचाभर मोरीत ओतायची, म्हणजे बाटली वेळेवर संपेल. काका समाधानाने विचारी, "उतार पडला ना?" आई म्हणे, "हौ भावजी, तुमच्यामुळेच."

पहिला शब्द मी प्रत्यक्ष ऐकलाच नाही. कचेरीतून घरी फोन केला होता. पलीकडून एक जाडाभरडा, घोगरा, खोल विहिरीतून आल्यासारखा आवाज म्हणाला, "काय?" मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. मग लक्षात आलं, नंबर तर बरोबरच फिरवला होता. पुन्हा नंबर फिरवला. पुन्हा, "काय?" मी म्हटलं, "नाना?" हवा गिळल्याचा आवाज. मग, "काय... पाहिजे?" मी त्या कचेरीत, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडले आणि कुणाला काही सांगितलं नाही, कारण बातमी फुटायला नको होती.

बाईंनी सांगितलं होतं, प, त, ट, क या अक्षरांनी हवा आपोआप आत ढकलली जाते, तर त्याच अक्षरांचे शब्द आधी घ्या. मराठी शब्द तुम्हीच शोधा. आई मटार सोलता सोलता सांगत होती, पाट, ताट, पापड, पोपट, काकडी, टोपी. मी म्हटलं, "कपट." आईचे हात थांबले. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा, मिशीतल्या मिशीत, हसले. त्यानंतर पोपट आणि काकडी बाजूला पडली. सकाळच्या उन्हात गॅलरीच्या दाराशी बसून माझे वडील म्हणत, कपट. कपट. कपट. आणि ते इतकं स्पष्ट येऊ लागलं की मला ऐकून अंगावर मूठभर मांस चढे.

संधी काकानेच आणून दिली. त्याला एकसष्ट वर्षं पूर्ण झाली. मराठी मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. थोरल्या भावाच्या हातून शाल घालून घ्यायची अशी त्याची इच्छा. म्हणजे मोठेपणही मिळेल, आणि कॅन्सरमधून वाचवलेला भाऊ लोकांना दाखवताही येईल. आमच्याकडे येऊन तो म्हणाला, "नानांना बोलायचं काहीच नाही, नुसतं बसायचं." नानांनी गरीब चेहरा करून मान डोलावली. काय मान डोलावली! कोर्टात इतकी वर्षं साक्षीदार बघून ते उगाच म्हातारे झाले नव्हते.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आई आणि मी. काका हार घालून बोलायला उभा राहिला, आणि आभार मानता मानता भावावर आला. "माझ्या थोरल्या बंधूंची वाचा गेली, पण चेहऱ्यावरचं समाधान बघा. एखाद्या मौनी साधूसारखे. त्यांच्या मनातलं मला न बोलता कळतं." लोक हळहळले. आईने माझ्या हातात नखं रुतवली. मग काका नानांच्या पाया पडला आणि शालीसाठी ताठ उभा राहिला. नानांनी शाल डाव्या हातावर टाकली, आणि उजव्या हाताने माईक जवळ ओढला. हवा गिळली.

"कपट... केलं... यानं."

आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हतबुद्ध झाले. लोकांनी शब्द ऐकलेच नव्हते, आवाज ऐकला होता. मुका माणूस बोलला! मागून कुणीतरी ओरडलं, "वा, डॉक्टरसाब, कमाल!" आणि काकाने, एवढा मूर्ख तो, हात जोडून त्या टाळ्या स्वीकारल्या. माझ्या जिवाचा संताप झाला. वर्षभराची मेहनत, आणि तिचाही हार याच्याच गळ्यात?

नाना शांत उभे होते. त्यांनी तळहात वर केला. टाळ्या विरल्या, अगदी शेवटची टाळी थांबेपर्यंत ते थांबले, आणि एकेका शब्दाला हवा घेत बोलले.

"सर्जन... बोलले... शिकवा. यानं... दडवलं. तेव्हाच... बोलता... आलं असतं."

या वेळी लोकांनी शब्द ऐकले. काका पांढराफटक पडला. पण सवय वाईट. तो माईककडे सरकला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "नाना जरा भावुक झालेत. त्यांना म्हणायचं आहे की—"

"बस," नाना म्हणाले. "मी... बोलतोय."

काका बसला. त्याच्या खुर्चीत, हारासकट, खाली बघत. मग नानांनी ती शाल उलगडली, त्याच्या खांद्यावर नीट घातली, पदर पुढे घेऊन दोन्ही टोकं त्याच्या मांडीवर सारखी केली. लोकांना वाटलं, क्षमा केली. पुढे कितीतरी दिवस लोक तसंच सांगत होते. घरी आल्यावर मीच चिडून विचारलं, एवढं झाल्यावर शाल कशाला घातलीत? नाना म्हणाले, "शाल... घातली की... उठून... पळता... येत नाही." आणि खरंच, सत्कारमूर्तीला कार्यक्रम संपेपर्यंत बसावं लागलं. भाषणं झाली, आभार झाले. बसला बिचारा. बिचारा म्हणायची माझी रीत आहे, कीव म्हणून नव्हे.

पुढे काकाने आईला निरोप पाठवला, की लहानपणापासून त्या आवाजाखाली दबून गेलो होतो, थोडे दिवस शांत वाटलं, मग सांगायची हिंमत राहिली नाही. मला ते पटतं. समजतंही. समजलं म्हणून माफ करावं असं मात्र मला आजतागायत वाटलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी कार्यक्रम सरत आला असताना, चहाचे कप फिरत होते तेव्हा, एक बाई आमच्या रांगेशी आल्या. बरोबर नवरा, गळ्याभोवती उपरणं घट्ट गुंडाळलेलं, नजर जमिनीवर. बाई कुजबुजल्या, "यांचंही तेच ऑपरेशन झालंय. आमचेही डॉक्टर हेच. म्हणाले, आता आवाज विसरा. कितीतरी महिने झाले." आणि मग, स्टेजकडे चोरून बघत, "कुठे शिकवतात हो?"

म्हणजे नानांपुरतं नव्हतं ते. भावाचं जुनं उट्टं काढायला म्हणून एक गोष्ट दडवली, आणि मग ती उघडी पडू नये म्हणून दुसऱ्याचीही दडवली. उपरणं गुंडाळलेल्या त्या माणसाने तर काकाला कधी टोकलं नव्हतं, त्याच्या शब्दांत कधी चूक काढली नव्हती. नाना स्टेजवरून उतरून आले होते. त्यांनी त्या माणसाचं उपरणं अलगद सैल केलं, आपल्या गळ्यावरचा ओला मलमलचा तुकडा त्याला दाखवला, आणि म्हणाले, "शिकता... येतं."

त्या माणसाने वर पाहिलं.

बाईंना मी पत्ता सांगितला. कोठीकडचा सरकारी दवाखाना, गुरुवारी सकाळी, सोबत मी येते. कुजबुजून सांगता आला असता. मग उभी राहिले, स्टेजवरच्या काकाच्या खुर्चीकडे तोंड केलं आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितला.